ब्रेकरशेजारच्या काचपट्ट्या

१२ जानेवारी, सोमवार

आठला ब्रेकर सुरू झाला. आठ म्हणजे आठ. आईने चहाचा कप बशीत ठेवला तर तो आपोआप फिरायला लागला. ती कपाकडे न बघता माझ्याकडे बघत होती, जणू मीच फिरवतोय. डबा घेतला, निघालो. खोदकामाची साइट आमच्या तीन नंबर बिल्डिंगच्या भिंतीपलीकडेच. गेटला वळसा घालून चार मिनिटं.

घाटकोपरच्या या उतारावर माती थोडी, खाली सगळा काळा खडक. माती शनिवारी संपली. आता पोकलेनची बकेट काढून तिथे ब्रेकर लावलाय. ब्रेकर म्हणजे मशिनच्या हाताला लावलेली मोठी छिन्नी. मिनिटाला शेकडो ठोके.

जिन्यात घाडगेकाका भेटले. दुसरा मजला, सोसायटीचे सेक्रेटरी, रिटायर्ड. सगळ्या पिवळ्या मशिनना ते एकच नाव लावतात, एका कंपनीचं. ते नाव मी या वहीत लिहिणार नाही. मी थांबून समजावलं. बॅकहो लोडर टायरवर चालतो, पुढे उचलायची मोठी बकेट, मागे लहान हात, गटार किंवा पाइपलाइन खणायला. पोकलेन चेनवर चालतो, त्याचं वरचं धड पूर्ण गोल फिरतं, तो खोल खणतो. काका म्हणाले, "दोन्ही पिवळेच ना? मग झालं."

डोकं फिरलं. माणसाच्या उशाशी खड्डा चाललाय आणि तो कशाने चाललाय हे त्याला समजूनही घ्यायचं नाही.

ऑपरेटर ट्रेनिंगच्या लेखी परीक्षेसाठी रोज एका मशिनबद्दल इथे लिहायचं. नववीनंतर परीक्षा दिलेली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

शेलार सुपरवायझरने सकाळी नकाशा उघडून दाखवला. आमच्या बिल्डिंगच्या हद्दीपासून सहा मीटर आत ब्रेकर न्यायचा नाही. तेवढ्या पट्ट्यात ओळीने भोकं पाडून खडक सोडवायचा. टेप धरून मी स्वतः चुन्याची रेघ मारली. तीनदा मोजली. शेलार हसला, म्हणाला, "तू लग्नाच्या मांडवात पण टेप नेशील."

मी सिग्नलमन. परबकाका पोकलेनवर, मी खाली, हिरवा आणि लाल झेंडा. काकांना केबिनमधून बकेटच्या पलीकडचं दिसत नाही, त्यामुळे त्यांचे डोळे मी. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं होतं. पुढे ये, मागे जा, फिरव, या खुणा फक्त सिग्नलमनच्या मानायच्या. पण दोन्ही हात डोक्यावर फुली केली की थांब, आणि ती खूण कोणाचीही. त्यांच्या शब्दांत, "चायवाल्यान केली तरी मशीन थांबूक होया."

दुपारी दुसरं काम. सल्लागार कंपनीच्या इंजिनियर मॅडम आल्या होत्या. आमच्या बिल्डिंगमधल्या जुन्या भेगांवर त्यांनी पाच काचपट्ट्या बसवल्या. वीतभर काच, भेगेवर आडवी, दोन्ही टोकं प्लॅस्टरमध्ये पक्की. १ गेटची भिंत, २ तळमजल्यावरच्या बुद्धविहाराची भिंत, ३ पाण्याची टाकी, ४ जिना, ५ आमचं स्वयंपाकघर. मॅडम फोनवर बोलत बोलत निघून गेल्या. शे. म्हणाला, अक्षर तुझं चांगलं आहे, पट्ट्यांवर तारीख तू लिही, रोज बघ, रजिस्टरमध्ये नोंद कर. पट्ट्या नीट राहिल्या पाहिजेत.

मार्करने लिहिलं. १३/१/२६. पाचही ठिकाणी एकसारखं. जखमेवर पट्टी लावतात तशी ही भिंतीची पट्टी. भेग धरून ठेवणार.

२१ जानेवारी, बुधवार

प. क्र. २ फुटली. विहाराची. मधोमध सरळ चीर.

रविवारी वंदनेनंतर खुर्च्या ओढल्या असणार कुणीतरी. आपल्याच भिंतीसाठी लावलेली वस्तू, आठ दिवस सांभाळता येत नाही. शे.ला कळवलं. तो म्हणाला, "बदल. ऑफिसात काच आहे, प्लॅस्टर आहे. तारीख जुनीच टाक, रजिस्टरशी जुळली पाहिजे."

बदललं. तारीख १३/१/२६. लिहिताना जरा अडखळलो. पण रजिस्टरशी जुळणं बरोबरच आहे.

तुकडे पेपरात गुंडाळले. मागे एकदा कचऱ्यातल्या काचेने सफाईवाल्या सुनीताताईंचा पंजा फाटला होता. तेव्हापासून मी काच उघडी टाकत नाही. पुडीवर लिहिलं, "प. २, विहार, २१ जाने. दोन तुकड्यांत केसाएवढी फट." काढायच्या आधी बघितलं होतं म्हणून लिहिलं, एवढंच. पुडी पलंगाखालच्या ट्रंकेत, भंगारवाला येईपर्यंत.

आजचं मशिन: डोझर. पुढे रुंद पातं, खाली चेन. माती ढकलायला, जमीन मोकळी करायला. खणत नाही, उचलत नाही. आमच्या साइटवर नाही, जागा पुरणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार

प. ४ (जिना) आणि प. ५ (आमची) फुटल्या. आईवर ओरडलो. तिचा मसाला वाटायचा दगड त्याच भिंतीला टेकलेला असतो. ती म्हणाली, मी चार दिवस वाटलं नाही. मी म्हटलं, मग काच स्वतःहून फुटली का?

तिने दगड उचलून बाल्कनीत ठेवला. एकटीने. दहा-बारा किलोचा असेल.

दोन्ही बदलल्या. दोन पुड्या. नोटीस लिहून जिन्यात लावली: "काचपट्टीस कृपया हात लावू नये. ती आपल्याच सुरक्षेसाठी आहे." चार वेळा वाचली. चूक नाही.

घाडगेकाका नोटिशीसमोर उभे राहून मोठ्याने वाचत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मला म्हणाले, "कंपनीने तुला घेतलं कधी आणि तू कंपनीचा झालास कधी, कळलंच नाही रे."

स्थानिक मुलांना काम देऊ असं कबूल करून कंपनीने तीन नंबरमधून एकालाच घेतलं, मला. हे माझ्यामुळे झालं का? मी शिकतोय. मशिनवर बसायचं म्हणून शिकतोय.

२८ जानेवारी, बुधवार

प. २ दुसऱ्यांदा. बदलली. फट दोऱ्याएवढी. पुडी.

दुपारी मॅडम आल्या. पाचही पट्ट्यांचे फोटो काढले, रजिस्टर चाळलं. माझ्या अक्षराचं कौतुक. "छान, कुठेच हालचाल नाही," म्हणाल्या आणि गेल्या. हालचाल कसली, ते विचारायचं राहिलं.

शे. खूश. ट्रेनिंग सेंटरसाठी शिफारसपत्र देतो म्हणाला. दहावी नसली तरी कंपनीचं पत्र असलं की घेतात. मी सहा महिने हेच मागत होतो. आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आणि स्वयंपाकघराचं दार लावायला गेली. ते लागेना. खांदा लावून लावलं.

ब्रेकर आज चुन्याच्या रेघेपलीकडे. परबकाकांनी काच खाली करून विचारलं, रेघेचं काय? शे. म्हणाला ड्रिल मशीन यायला वेळ आहे, तोवर हळूहळू चालू द्या, वरून विचारून घेतलंय. काका माझ्याकडे बघायला लागले. मी शे.कडे बघितलं.

मग मी हिरवा झेंडा दाखवला.

१ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बसने आरे कॉलनीत गेलो. तिथे आतल्या रस्त्याचं काम चाललंय. सुट्टीच्या दिवशी लोक सिनेमाला जातात, मी ग्रेडर बघायला. लांब मशिन, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध तिरकं पातं. रस्ता बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही, असा समतल करतं. त्याच्यामागे रोलर, दाबायला. ऑपरेटर पातं एवढंसं उचलायचा, एवढंसं टेकवायचा. तासभर उभा होतो.

मागून गाडीवाले हॉर्न मारत होते. एक बाई काच खाली करून त्याला म्हणाली, लवकर आटपा ना. तिला रस्ता हवाय, रस्ता होताना नकोय.

परवा जेवणाच्या सुट्टीत परबकाकांनी केबिनमध्ये बसवलं होतं. दांड्याला हात लावू दिला नाही. इंजिन चालू केलं आणि म्हणाले, ऐक. मऊ दगडात आवाज वेगळा, कठीण दगडात वेगळा, पोकळ जागेवर तिसराच. कानाला कळत नसेल तर हाताने मशीन चालवू नये. चाळीस वर्षं झाली त्यांना. कणकवलीजवळचे. आजा गिरणीत होता, बाप गिरणीत होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प. २ तिसऱ्यांदा, प. ४ दुसऱ्यांदा, प. १ पहिल्यांदा. एका दिवसात तीन. गेटच्या भिंतीला कोण खुर्ची लावणार?

तरी बदलल्या. प. २ ची फट काडेपेटीच्या काडीएवढी. काडी घालून बघितली, बसली. पुडीवर तसंच लिहिलं. एकूण सात पुड्या. शे.ला विचारलं, एवढ्या का फुटतायत? तो म्हणाला, काच आहे, फुटणारच. तू नोंद ठेव.

रजिस्टर: "सर्व पट्ट्या अखंड."

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं लिहायचं. काहीही गाळायचं नाही.

आईने परबकाकांना जेवायला बोलावलं होतं. तिची हॉस्पिटलची ड्यूटी या आठवड्यात दुपारची, त्यामुळे साडेबाराला. काका हातपाय धुऊन जिना चढत होते आणि चौथ्या पायरीवर थांबले. प. ४ समोर. काचेवर बोट फिरवलं.

"ही कधीची रे?"

मी म्हटलं, तारीख आहे ना.

"तेरा तारीख लिवलेली आसा. तीन हप्ते मी हय हतोडो मारतंय आणि हिका साधो चरो नाय? ह्या होवचा नाय."

मी सांगितलं की फुटली होती, बदलली, नवीनसारखी आहे. अभिमानाने सांगितलं. प. २ तीनदा बदलली, तेही सांगितलं.

काका पायरीवर बसले. मग हळू आवाजात सांगितलं. काच भेग धरून ठेवायला नसते. भिंत धरण्याएवढी ताकद काचेत असते का? ती मुद्दाम नाजूक लावतात. भिंत सूतभर हलली की ती तडकते, आणि मग काम थांबवून बघायचं असतं की भिंत का हलली. सांताक्रूझला एका हॉस्पिटलमागे त्यांनी काम केलं होतं. तिथे एक पट्टी फुटली आणि दुसऱ्या दिवशी ब्रेकर बंद करून दुसरं मशिन आणलं.

"काच फुटता तेव्हाच बोलता. तू तिचा तोंड बंद केलंस, झिला."

थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "आणि हतोडो माझो."

जेवले नाहीत. आईला सांगितलं, पोट ठीक नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नाही. सात वेळा. सातही वेळा मी स्वतः, हाताने, प्लॅस्टर कालवून, टोकं गुळगुळीत करून. खोटी तारीख सुंदर अक्षरात. बत्तीस खोल्या आहेत या बिल्डिंगमध्ये. सुनीताताई तळमजल्यावर, विहाराच्या भिंतीला लागून राहतात.

घाडगेकाकांवर चिडलो होतो, कशाने खणतात ते त्यांना माहीत नाही म्हणून. काच कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. नोटीस लावली. आईला दगड उचलायला लावला.

नऊला शे.च्या केबिनमध्ये गेलो. ठरवलं होतं, शांत बोलायचं. विचारलं, पट्टी कशासाठी असते हे तुम्हाला माहीत होतं का? तो मोबाइलमध्ये बघत होता. म्हणाला, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, मग मला का बदलायला लावलीत?

त्याने रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. "अक्षर कुणाचं आहे हे?"

माझं.

"काचेवरचं?"

माझं.

"मग मला का विचारतोस? मी तर एकही काच बघितली नाही." आणि ड्रॉवरमधून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. शिफारसपत्र. सही, शिक्का, सगळं. "एक तारखेपासून बॅच आहे. जा, शिक. नशीब काढशील."

असं शांतपणे देतो. त्याला ओरडावंसुद्धा लागत नाही. मला वाटलं होतं, माझं काम नीट असतं म्हणून मला निवडलं. नीट असतं म्हणूनच निवडलं.

पत्र घेतलं. का घेतलं ते कळत नाही. खिशात आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

विहारात वंदना. माझी जागा नेमकी प. २ च्या समोर. नवी काच, जुनी तारीख. पंचशील म्हणताना चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी म्हटलं नाही. शेजारी सुनीताताई डोळे मिटून म्हणत होत्या.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पत्रासकट. वाटलं, रडेल किंवा मारेल. ती स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली, ते ओढलं, ते अर्ध्यात अडकलं.

"पंधरा दिवस लागत नाही हे. मला वाटलं लाकूड फुगलं. थंडीत कुठलं लाकूड फुगतं?" मग म्हणाली, "तू मला ओरडलास त्या दिवशी मी खरंच मसाला वाटला नव्हता."

माहीत आहे, म्हटलं.

"आता माहीत आहे."

१० फेब्रुवारी, मंगळवार

परबकाकांनी पोकलेन रेघेच्या अलीकडे आणला, ब्रेकरचं टोक जमिनीला टेकवलं, इंजिन बंद केलं, चावी काढली. मशिन उभं करायची पद्धत हीच, हवेत काही लटकत ठेवायचं नाही. मग खाली उतरून शे.ला म्हणाले, रेघेपलीकडे ड्रिल आणा, भोकं पाडून त्यात स्प्लिटर घाला, खडक आतून रेटून फुटतो, ठोका नाही, हादरा नाही. नाहीतर भोकांत फुगणारी पूड भरा. वेळ लागेल, पण भिंत राहील.

शे. म्हणाला, एक महिना जास्त. काका म्हणाले, लागू देत.

शे. म्हणाला, ऑपरेटरने ऑपरेटरसारखं राहावं. काका म्हणाले, तेच करतंय.

संध्याकाळी त्यांना निरोप आला, उद्यापासून येऊ नका. चाळीस वर्षं. त्यांचा डबा, स्टीलचा तांब्या आणि केबिनमध्ये लावलेला गणपतीचा फोटो, एवढं घेऊन गेले. मी गेटपर्यंत सोडायला गेलो. माझ्याकडे बघून म्हणाले, तुझ्या पुड्या आसत ना? आहेत, म्हटलं. टाकू नको, म्हणाले.

मला पुड्यांचं सुचलंच नव्हतं. खरंच नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सोसायटीची मीटिंग, विहारात, संध्याकाळी सहाला. मी मागितली होती.

फळीवर सातही पुड्या उघडल्या. तुकडे जोडून मांडले, शेजारी कागद. प. २: २१ जाने., केसाएवढी. २८ जाने., दोऱ्याएवढी. ३ फेब्रु., काडीएवढी. मग सांगितलं की हे मी बदललं, सातही वेळा, आणि रजिस्टरमध्ये अखंड लिहिलं.

कोणी ओरडेल असं वाटलं होतं. पण आधी सुनीताताईंनी विचारलं, "माझा हात कापला होता तेव्हा पट्टी बांधायला तूच आला होतास ना रे?" हो, म्हटलं. त्या उठून गेल्या. परत आल्या नाहीत.

बाकीचे बोलले मग. जे बोलायला हवं ते सगळं. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, याच्यावरच आधी केस करा. बरोबर आहे त्यांचं. फक्त एक गोष्ट लागली. कोणीतरी म्हणालं, याने विकलं आपल्याला. विकलं नाही. मला कळलं नाही. पण जिची भिंत फाटते तिला या दोन्हीतला फरक काय सांगणार?

घाडगेकाका तेवढे घरी जाऊन पोलादी पट्टी आणि भिंग घेऊन आले. गुडघ्यावर बसून भेग मोजायला लागले. न बघताच म्हणाले, "वही आण. मी सांगतो ते लिही. आणि या वेळी खरं लिही."

१६ फेब्रुवारी, सोमवार

घाडगेकाका आणि मी वॉर्ड ऑफिसात. अडीच तास बाकावर. काकांनी तिथेही शिपायाला मशिनचं तेच कंपनीचं नाव सांगितलं. मी दुरुस्त केलं. काका म्हणाले, आता तरी गप्प बस.

साहेबांनी ऐकलं. मग म्हणाले, कंपनीचं रजिस्टर अखंड म्हणतंय, सल्लागारांचे फोटो अखंड म्हणतायत, आणि तुम्ही फुटकी काच आणलीत. काच काय, कुणीही फोडेल.

मी म्हटलं, ज्याने रजिस्टर लिहिलं तोच हे सांगतोय. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही एकदा खोटं लिहिलंत हे तुम्हीच सांगताय. मग दुसऱ्यांदा खरं बोलताय हे कशावरून?

प्रश्न बरोबर आहे. पण राग येतो तो याचा की खोटं लिहिलं तेव्हा कोणीच नाही विचारलं, कशावरून.

अर्ज तिथेच बसून लिहिला. दोन पानं. नाव, पत्ता, काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून. पोच मागितली. क्लार्क म्हणाला, पोच कशाला, ठेवून जा. मी कागद सोडला नाही. शेवटी शिक्का मारला. साहेब म्हणाले, गुरुवारी सुट्टी आहे, शुक्रवारी येऊन बघतो, तोवर ब्रेकर बंद ठेवायला फोन करतो.

फोन. कागद नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आठला नवीन ऑपरेटर. रामाशीष नाव, बिहारचा, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा. त्याला काही सांगितलेलं नव्हतं. मला अजून काढलेलं नव्हतं, झेंडे माझ्याकडेच. शे. म्हणाला, कोपऱ्यातला तेवढा खडक काढ. कोपरा म्हणजे विहाराच्या मागचा. रेघेपासून साडेचार मीटर आत. हद्दीपासून दीड.

मी म्हटलं, वॉर्ड ऑफिसातून फोन आला असेल. शे. म्हणाला, मला नाही आला.

पोकलेन चेनवर सरकत निघाला. रामाशीष माझ्या झेंड्याकडे बघत होता. चुन्याची रेघ आता पुसट झालीय, पण कुठे होती ते मला माहीत आहे. मी तिच्यावर जाऊन उभा राहिलो. झेंडे खाली टाकले. दोन्ही हात डोक्यावर, फुली.

थांबला.

त्याने हॉर्न दिला नाही, शिवी दिली नाही. थांबला, ब्रेकर खाली टेकवला आणि मान बाहेर काढून विचारलं, "क्या हुआ, भाई? नीचे कोई है?"

मी म्हटलं, है. बत्तीस घर.

त्याने बिल्डिंगकडे बघितलं. दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीत घाडगेकाका उभे होते, पहिल्यावर माझी आई, हॉस्पिटलच्या साडीत. त्याने इंजिन बंद केलं. शे. धावत आला, त्याला म्हणाला चालू कर. रामाशीष म्हणाला, सिग्नलमन रोक रहा है, मैं कैसे चलाऊँ? साध्या आवाजात, नियम सांगावा तसा. परबकाका असते तर खूश झाले असते.

शे.ने मला बाजूला घेतलं. आज पहिल्यांदा ओरडला. उद्यापासून नको, आत्तापासून नको. पत्र परत दे. दिलं. चुरगळलेलंसुद्धा नव्हतं.

झेंडे मागायला विसरला. ते घरी आहेत.

दिवसभर ब्रेकर वाजला नाही. का, ते कोणी सांगत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अकराला वॉर्ड ऑफिसचे साहेब आले. भेगा बघितल्या, बोट घालून बघितलं, आईचं दार उघडझाप करून बघितलं. पुड्या मागितल्या. पोचेशिवाय देणार नाही, म्हटलं. ते वैतागले, पण लिहून दिली. तीन नेल्या, चार ठेवल्या. काम थांबवायचा आदेश देणार का? म्हणाले, रिपोर्ट सादर करतो. कधी? लवकरच. जाताना शे.बरोबर गेटवर दहा मिनिटं बोलले. काय ते ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणूनच गेटवर.

परबकाकांना फोन केला. भांडुपला एका ठिकाणी बोलावलंय त्यांना, लोडरवर. चाकाचा लोडर, खडी उचलून डंपरमध्ये भरायचा. चाळीस वर्षांच्या हाताला ते काम. म्हणाले, ठोको नाय, बरा आसा. ट्रेनिंगचं विचारलं. पत्राशिवाय घेत नाहीत, म्हटलं. ते म्हणाले, खुणा तर येतात ना तुका.

दुपारी तीनला साइटच्या गेटात ट्रेलर शिरला. वर काहीतरी लांब, ताडपत्रीने गच्च बांधलेलं. बाल्कनीत अर्धी बिल्डिंग. घाडगेकाकांनी विचारलं, काय आहे रे ते? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ड्रिलचा खांब आडवा टाकला तर एवढाच लांब दिसेल. याहून मोठा ब्रेकर, हातासकट, तोही एवढाच दिसेल. मी खूप वेळ बघितलं. आमच्या बाजूला चेनचं टोक बाहेर आलं होतं, पण चेन दोन्हींना असते.

म्हटलं, कळत नाही. उतरवल्यावर कळेल.

काका म्हणाले, "पिवळं आहे एवढं दिसतंय." कोणी हसलं नाही, तेही नाही.

नंतर पाचही पट्ट्या काढून नव्या बसवल्या. सगळ्यांच्या देखत. घाडगेकाका भिंग धरून, खाली सह्या करायला वही. विहाराच्या भिंतीपाशी प्लॅस्टर कालवायला पाणी हवं होतं. सुनीताताईंनी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेल्या. पाणी वापरलं, तांब्या धुऊन परत ठेवला.

शेवटची आमच्या स्वयंपाकघरात. आईने दिवा धरला. मार्कर टेकवल्यावर हात सवयीने तेरा तारीख काढायला निघाला. थांबवला.

प. ५. अखंड. २०/२/२६.

आजचीच.